तिथीची लोकर, तारखेची लोकर

आईच्या मते स्वेटरवर पट्टे दिसले, की समजावं लोकर कमी पडली. तिच्या काळी ते खरंही होतं. दादाला स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. शेवयांसारखी कुरळी झालेली लोकर धुवायची, खाली पाण्याचा तांब्या बांधून लडी दोरीवर वाळत घालायची आणि सरळ झाली की माझ्या मापाचे टाके घालायचे. पोटापर्यंत निळी पुरायची. तिथून वर मामाच्या मफलरची लाल आणि बाह्यांना कुठलीशी करडी. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "डिझाइन कुठल्या मासिकातलं?" ते डिझाइन नव्हतं, ती टंचाई होती.

आता ती टंचाई दुकानात विकत मिळते आणि चांगली महाग मिळते. आपोआप पट्टे पडणारी लोकर! एकाच धाग्यावर काही मीटर जांभळा, पुढे काही मीटर हिरवा, मग राखाडी, असे लांब लांब टप्पे रंगवलेले असतात. आपण मुकाट्याने सुया चालवायच्या. रंग कधी बदलायचा ते गुंडा बघून घेतो. जपानची 'नोरो' लोकर यासाठी नावाजलेली. ती आइची प्रांतातली, त्यामुळे मला उगाचच माहेरची वाटते. तिच्या दोन वेगवेगळ्या रंगमाला घेऊन विणायचा एक मफलर अमेरिकेतल्या जॅरेड फ्लड यांनी लोकप्रिय केला. रीत अगदी सोपी : एक सुलट, एक उलट, दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या गुंड्याच्या. दोन ओळी झाल्या की सुई पहिल्या कडेला परत येते आणि दुसरा धागा तिथेच वाट पाहत उभा असतो. तोडायला नको, गाठ मारायला नको.

हीच रीत मी शालीला लावायची ठरवली. माझी लोकर जपानची नव्हे, भाचीने कुठूनशी आणलेली. एका गुंड्यात पाच रंग, दुसऱ्यात सात. मोरपंखी तेवढा दोघांत होता.

शाल आईसाठी, तिच्या ७६व्या वाढदिवसाला. आता आईला शालींची वाण नाही. ती निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे कपाटात शाल-श्रीफळातल्या अकरा शाली आहेत, त्याही प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न आलेल्या. (सत्काराची शाल पांघरायची नसतेच; ती पुढच्या सत्कारमूर्तीला द्यायची असते. आईने एकदा दिलेली शाल चार वर्षांनी तिच्याच खांद्यावर परत आली होती. काठावरच्या चहाच्या डागावरून ओळख पटली.)

मानेपाशी नऊ टाके घालून सुरुवात केली. त्रिकोणी शाल, सगळं सुलट विणकाम, दर दोन ओळींना चार टाके वाढवायचे. सुरुवातीला एकेक रंग चांगला चौदा ओळी टिकला. रुंद, ऐसपैस पट्टे. मी खूश. पण रंगाचे मीटर तेवढेच आणि ओळ मात्र लांबत चाललेली. तीनशे टाक्यांवर पोचले तेव्हा तोच रंग दोन ओळीही पुरेना. महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार आणि शेवटच्या आठवड्यातलं पाकीट यांचं नातं लोकरीने एवढं स्वच्छ दाखवलेलं मी प्रथमच पाहिलं.

मधेच पट्टे गायब झाले. दोन बोटं रुंदीची शाल नुसती मोरपंखी! घाबरून टाके मोजले, गुंडे तपासले. मग लक्षात आलं, की पाचाचा आणि साताचा फेरा फिरत फिरत दोघं एकाच वेळी मोरपंखीवर आले होते. थोडा वेळ जोडीने चालले आणि पुन्हा आपापल्या वाटेने गेले.

आईचं वाढदिवसाचं गणित नेमकं असंच आहे. ती तिथीवाली, आम्ही तारीखवाले. मार्गशीर्षातल्या तिच्या तिथीला औक्षण, तारखेला केक, आणि मधल्या दिवसांत "झाला की नाही एकदाचा?" असं विचारत येणारे शेजारी. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी मागे मागे सरकते, मग अधिक महिना येऊन तिला पुढे ढकलतो. १९ वर्षांत असे सात अधिक महिने झाले की, एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर, तिथी आणि तारीख पुन्हा गळ्यात गळा घालतात. १९, ३८, ५७ आणि आता ७६. यंदा आई मोरपंखीवर होती.

अधिक महिनाही शालीत आला. सातरंगी गुंड्यात कारखान्यातल्या कुणीतरी तुटलेला धागा गाठ मारून जोडला होता, पुढचा रंग न बघता. विटकरीनंतर राखाडी यायचा, तिथे टचकन हळदी पिवळा उगवला. शिस्तीची विणकरीण तेवढा तुकडा कापून रंगाचा क्रम जुळवते. मी पिवळा तसाच विणला, कारण वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते आणि टाके बंद करायलाच अख्खी संध्याकाळ जाणार होती.

त्या दिवशी निरांजन आणि मेणबत्ती एकाच टेबलावर होती. आईने दोन्हींकडे संशयाने पाहिलं आणि शाल उलगडली. खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, कडेने वर गेलेले धागे नखाने चाचपले. रुंद पट्ट्यापासून खालच्या रेघांपर्यंत बोट फिरवत आली आणि पिवळ्यापाशी थांबली.

"अगं, एवढी कमी पडली होती तर बोलायचंस ना," ती म्हणाली. "त्या करड्या बाह्यांची लोकर अजून ठेवलीय मी."