कपाट वर कसं न्यायचं?

माथेरानला कायमचं राहायला जायचं, हे मी मे महिन्यातल्या एका दुपारी ठरवलं. नागोठण्यात मे महिन्याच्या दुपारी माणूस काहीही ठरवू शकतो. वीज गेलेली, वारा पडलेला, आणि अंबा नदीकडून येणारी हवा न्हाव्याने तोंडावर टाकलेल्या गरम फडक्यासारखी. कंपनीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. आपल्याच जिल्ह्यात आठशे मीटर उंचीवर गर्द सावलीचं गाव असताना आपण इथे का उकडतोय, असं मी हिला विचारलं.

"अहो, पण कपाट वर कसं न्यायचं?" ही म्हणाली.

हिचं असंच. मी सह्याद्री म्हणतो, ही कपाट म्हणते. कपाट म्हणजे आमच्या लग्नातलं, लोखंडी, आरशाचं. त्याचा खालचा कप्पा आम्ही पावसाळ्यात रिकामा ठेवतो, कारण अंबा नदी बाजारात शिरली की पहिला मुक्काम तिथेच करते. त्याच कपाटाला मी पुरातून वाचवू पाहत होतो, पण हिला ते पटेना.

शेवटी दोघंही पाहणीला गेलो. पनवेल, कर्जत करत नेरळ. तिथून झुकझुक गाडी. आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख घातले, मुलाने रूळ घातले आणि १९०७ साली ती वर पोचली. एकवीस किलोमीटरला दोन तासांवर वेळ लागतो. डब्यातली मुंबईची मंडळी त्याचं कौतुक करत होती. मला विशेष वाटलं नाही. नागोठणे ते पेण साधारण तेवढंच अंतर आहे, आणि २०११ पासून महामार्गाचं रुंदीकरण चालू असल्याने कधीकधी वेळही तेवढाच लागतो. फक्त आमच्या वाटेवर कोणी फोटो काढत नाही.

माथेरानात मोटारींना बंदी. मोटारीने आलात तर ती दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढचे अडीचेक किलोमीटर पायी किंवा घोड्यावर. २०२२ च्या डिसेंबरपासून थोड्या ई-रिक्षाही आल्यात, पण त्यांत माणूस बसतो, कपाट नाही. बटाटे, सिमेंट, गॅसची टाकी, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. एका हमालाला मी कपाटाचं विचारलं. त्याने हवेतच कपाट उभं केलं, त्याभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाला, "आरसा आहे?"

"आहे."

"मग आरशाचे वेगळे."

जो आकडा त्याने सांगितला, त्यात सासऱ्यांनी तेव्हा दोन कपाटं घेतली असती. ही काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त महाग पडतं.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि साहेबाला जागा आवडली, हे सगळे सांगतात. त्याच्याबरोबर कपाट होतं का, हे कोणी सांगत नाही. असलं तरी ते त्याने उचललं नसणार. आमच्या नागोठण्याचंही थंड हवेशी जुनं नातं आहे म्हणा, पण ते उतारूचं. पूर्वी मुंबईचे साहेब महाबळेश्वरला जायचे तेव्हा गलबताने खाडीतून नागोठण्याला उतरत आणि पालखीत बसून महाडच्या वाटेला लागत. थंड हवेकडे जाणारा माणूस नागोठण्यात थांबत नाही. आणि नागोठण्याचा माणूस पालखी वाहायचं सोडून वर गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जिथे उतरलो तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाला मी पावसाळ्याचं विचारलं. नेरळची गाडी तेव्हा बंद असते, दुकानदार मेमध्येच आगोटीची बेगमी करतात, घरांना ताडपत्रीचे अंगरखे घालतात, काडेपेटी उबेत ठेवावी लागते, वगैरे सांगून झालं.

"पण देखावा?" मी चिकाटी सोडली नाही. "पॅनोरामा पॉइंटवरून काय दिसतं तेव्हा?"

"ढग."

"आणि लुईझा पॉइंटवरून?"

"तोच ढग. पलीकडून."

माकडांचं मी मनावर घेतलं नाही. चिक्कीचा पुडा त्यांनी माझ्या हातून घेतला आणि दातांनी फोडला. मला तो कात्रीशिवाय फुटत नाही, तेव्हा न्याय झाला. खरी धास्ती पाहुण्यांची. नागोठण्याला आमच्याकडे पाहुणा येतो तो पालीच्या गणपतीला जाता-जाता, चहापुरता. गोव्याला जाणारे तर वाकण फाट्यावरून फोन करतात, "तुमच्याच गावावरून चाललोय", आणि निघूनही जातात. माथेरानचा पत्ता झाला की हेच लोक सामानासकट चार-चार दिवस येतील, आणि बॅग कोण उचलणार हे माझ्याकडे बघून ठरवतील.

तरीही मी डगमगलो नव्हतो. संध्याकाळी पायवाटेवर ऊन तिरपं आलं होतं, खाली दरीत निळं काहीतरी साचत होतं, आणि हिलाही ते आवडलं होतं. कपाटाचं नाव तिने तासभर काढलं नाही. मग तिने दुकानदाराला सहज विचारलं, "मासळी मिळते का हो इथे?"

"मिळते की. खालून येते."

"ताजी?"

"खालून निघते तेव्हा ताजीच असते."

परतताना गाडीत आम्ही या विषयावर बोललो नाही. नागोठण्याला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोळीणमावशी दारात. "वैनी, जिताडा हाय. खाडीचा. जिता व्हता आतापरीन." टोपलीत तो आडवा मावत नव्हता, शेपटी बाहेर. हिने तो घेतला, मला विचारलंही नाही. दुपारी वीज गेली, वारा पडला, घाम निथळत होता, आणि आम्ही दोघांनी मिळून आमटीचं पातेलं संपवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला.