मालक तुम्हीच की!

शेतात हायटेन्शनचा टॉवर उभा राहिला म्हणून तहसीलच्या दारात ठिय्या देणाऱ्यांनी आधी सातबारा काढून बघावा. नाव कोणाचं? तुमचंच. मग तक्रार कसली? जमीन संपादित केली असती तर पूर्ण मोबदला, वर शंभर टक्के दिलासा रक्कम, एवढे पैसे मोजत बसायचा ताप झाला असता. सरकारने तो वाचवला. कोणाचा, ते विचारू नये.

ही सोय १८८५च्या तार कायद्याची. ज्याच्या रानात खांब रोवायचा, तिथे सरकारला फक्त वापराचा हक्क. मालकी जागच्या जागी. देशातली तार २०१३मध्ये बंद झाली. पण तार कायद्याचे अधिकार २००३च्या वीज कायद्याने, कलम १६४ खाली, वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना देण्याची वाट आधीच करून ठेवली होती. तुम्ही आडवे आलात, तर जिल्हादंडाधिकारी काम करू द्यायचा आदेश काढू शकतात. त्यानंतरही आडवे आलात, तर तो गुन्हा. स्वतःच्या बांधावर उभं राहून गुन्हेगार होण्याची संधी दुसऱ्या कुठल्या मालकाला मिळते?

पैशाचंही बघा. २०१५च्या केंद्रीय सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला किमतीच्या ८५ टक्के होते आणि तारांखालच्या पट्ट्याला फार तर १५. जून २०२४मध्ये ते २०० आणि ३० टक्के झाले. दुप्पट भाव देऊन माल तुमच्याकडेच ठेवणारा व्यापारी बाजार समितीत दाखवा बरं! २२० केव्हीच्या लाइनचा पट्टा ३५ मीटर रुंद. त्यात सोयाबीन पेरा, हरभरा पेरा. घराचं आणि आंब्याचं तेवढं मनात आणू नका.

रानाखालून गॅसची पाइपलाइन गेली असेल तर नशीब आणखी थोर. १९६२च्या कायद्याने त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, तळं नाही, झाड नाही. उरलेली मालकी अबाधित. वापरहक्काचे बाजारभावाच्या १० टक्के, नुकसानीचे वेगळे.

शेजाऱ्याच्या रानातला मोबाइलचा टॉवर दरमहा भाडं देतो, असं काही जण कुरकुरतात. त्यांना कळत नाही, तो भाडेकरू आहे. तुमचा घरजावई आहे.

आणि रात्रीच्या पाळीची वीज आली की पंप चालू करायला जाताना जरा वर बघा. आपल्याच डोक्यावरून २२० केव्ही दिवसभर शहराकडे गेली, हे समाधान टॉवर नसलेल्या शेतकऱ्याला कुठलं?