होन कसा तपासावा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

प्रथम एक होन, म्हणजे शिवकालीन सोन्याचं नाणं, मिळवा. साताऱ्यात याची टंचाई नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला कुणाच्या तरी चुलत्याला नांगरताना सापडलेला एखादा नेहमीच शिल्लक असतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. छातीत धडधडू लागलं की कृती सुरू करावी.

एस.टी. पकडून सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जा. टंच काढायचं एक्सआरएफ मशीन तिथे मिळेल. नाणं आत ठेवा, झाकण लावा. पडद्यावर ‘22 कॅरेट’ उमटेल. पेढे लगेच वाटू नका. हा एक्स-रे सोन्यात केसाच्या जाडीइतकाही उतरत नाही, वरच्या काही मायक्रॉनांची बातमी घेऊन परततो. मुलामा जाड असेल तर आतल्या तांब्याचा त्याला पत्ताच लागत नाही. पातळ असेल तर तो दोन्हींची सरासरी काढून ‘14 कॅरेट’ म्हणतो आणि तुम्ही समजता, टांकसाळीतच भेसळ झाली!

म्हणून नाणं दोऱ्याने टांगून पाण्यात तोला. 2.7 ग्रॅम शुद्ध सोनं पाण्यात 0.14 ग्रॅमने हलकं भरतं, तांबं 0.30 ग्रॅमने. किराण्याचा काटा चालणार नाही, मिलिग्रॅम दाखवणारा हवा.

विट्याच्या गलाईवाल्यांना विचाराल तर ते मूस पुढे करतील. त्यांचं उत्तर सगळ्यांत खात्रीचं असतं, फक्त नंतर नाणं उरत नाही.

तांब्याच्या शिवराई नाण्याचं तंत्र वेगळं. आधी आईच्या हातातली चिंच काढून घ्या. मग ॲसिटोनचा बोळा फिरवा. हिरवा रंग बोळ्यावर आला, तर जुनेपणा गेल्या महिन्यातला आहे. खऱ्या हिरव्या थराखाली बहुधा तांबूस ऑक्साइडचा थर असतो. भिंगातून तो शोधा.

एवढं करूनही नाणं कोणी पाडलं ते मशीन सांगत नाही. जुलै 2024 मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांचा धातू कोणतंही यंत्र ओळखेल. ती अफजलखानावरच चालली होती का, याची खात्री लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही देत नाही.

तेव्हा मशीनचं भाडं भरण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चुलत्यांनी कळवलं होतं का?