जंतांची सुपारी : नवशिक्यांसाठी

कुत्रं किंवा मांजर नव्यानं पाळलेल्या मिरजकरानं सुरुवातीलाच ठरवावं, की जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं नाही. आपलं गाव 1894 पासून, वानलेस हॉस्पिटल निघाल्यापासून, माणसांना बरं करतंय. कर्नाटकातून पेशंट रेल्वेत बसून इथं येतात. औषधं त्यांना राहू देत. टॉमीला घरचंच काहीतरी करू.

आधी निदान. कुत्रं ढुंगण घासत पुढं सरकलं, की शेजारचे काका "जंत!" म्हणून निकाल देतात. पुष्कळदा तो गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्याचा त्रास असतो, पण काकांना अडवू नये. स्वतः बघायचं असेल तर शेपटीखालचे केस बाजूला करा. तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसतील. ताजे असले तर आखडतात, पसरतात. हा पट्टकृमी. जनावर अंग चावताना पिसू गिळतं आणि हा पोटात जातो. म्हणून पिसवांना हात लावू नका, उपचार जन्मभर चालेल.

आता औषध. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मान हळदीचा. दुधातून पाजा. कुत्र्याच्या मिशा पिवळ्या होतील, जंत आहेत तसेच राहतील. कडुलिंबाचा पाला मांजराला द्यायचा असेल तर आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. भोपळ्याच्या बिया वाटून दिल्या तर कुत्रं आवडीनं खातं, आणि जंतांचीही तक्रार नसते.

लसूण मात्र खरंच देऊ नका. लसूण-कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या तर त्याहून लवकर. जंत रक्त पितात म्हणून उरलेलं आपण नासवायचं, असा तो उपाय आहे.

झाडपाल्याच्या बाजूनं एक साक्ष द्यायलाच हवी, ती सुपारीची. तिच्यातलं अरेकोलिन कुत्र्याचे पट्टकृमी खरोखर पाडायचं. न्यूझीलंडमध्ये तर सरकारी मोहिमेत ते कुत्र्यांना देत. सोबत कुत्रं ओकायचं, हगायचं, कधी कोसळायचंही. प्राझिक्वांटेलची गोळी आल्यावर पशुवैद्यांनी सुपारीचा नाद सोडला. तेव्हा पानाचा डबा वर ठेवा.

पिल्लांची काळजी करू नका. "बाहेर नेलंच नाही, जंत कुठून होणार?" असं म्हणत राहा. गोलकृमी पिल्लाला कुत्रीच्या पोटातच गाठतात आणि मांजरीच्या पिल्लाला दुधातून, हे पिल्लाला कुठं ठाऊक असतं? पोट फुगलं तर बाळसं धरलंय म्हणा. हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि शी काळी, चिकट झाली तर आतडं धरून बसलेले अंकुशकृमी रक्त पितायत. त्यानं लहान पिल्लू मरतं. काकांच्या मते तेव्हा हळद वाढवायची असते.

एक नैसर्गिक उपाय लागू पडतो, पण तो कुणी सुचवत नाही: शी उचलणं. गोलकृमीची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे मुरावी लागतात. मग वर्षानुवर्षं टिकतात. त्याच मातीत खेळलेल्या पोराचा हात तोंडात गेला, तर अळी यकृतात शिरते, क्वचित डोळ्यातही. पण कृष्णाघाटाच्या रस्त्यावर कुत्रं बसलं, की मालकाला नेमका त्याच वेळी फोन येतो.

एवढं करूनही जंत उरले, तर नाइलाजानं डॉक्टरकडे जा. कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांपासून आणि मांजरीच्या पिल्लाला तीन आठवड्यांपासून, दर पंधरा दिवसांनी, दूध सुटेपर्यंत डोस लागतो. पुढं सहा महिन्यांपर्यंत दरमहा. डोस वजनावर ठरतो, म्हणून जाताना पिल्लू सोबत न्या. काकांना नेलं नाही तरी चालतं.