अथ गिअरपतनमीमांसा

जुन्या फोक्सवॅगन कॅम्परमध्ये दुसरा गिअर सहजासहजी का पडत नाही, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. मोक्षावर ग्रंथ आहेत, रसनिष्पत्तीवर आहेत, लोणच्यांवर तर मोजदाद नाही. पण हार्झच्या डोंगरात चढ लागलाय, मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक चिकटलाय आणि पहिल्यातून काढलेला लिव्हर दुसऱ्यात जायला तयार नाही, अशा वेळी जिवाने काय करावं, यावर एकही भाष्य नाही. ती उणीव प्रस्तुत निबंध भरून काढत आहे. मोक्ष थांबू शकतो. ट्रक थांबत नाही.

प्रथम विषयमर्यादा. ‘गाडी’ म्हणजे इथे १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत तयार झालेली, पुढे एकच मोठी बाकदार काच असलेली टाइप टू. तिच्या आधीची दुभंगलेल्या काचेची आणि नंतरची चौकोनी तोंडाची, या दोघींचे भक्त वेगळे, वाद वेगळे आणि सुट्या भागांचे नंबरही वेगळे. ब्राझीलमध्ये हा वंश डिसेंबर २०१३ पर्यंत चालू राहिला, पण तिथे आपण जाणार नाही. गिअर पडत नसताना तर नाहीच.

आता दुखण्याचं मूळ. १९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पॉन या डच व्यापाऱ्याने वहीत चार रेघा ओढून एक खोका काढला: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये माल. १९५० साली वोल्फ्सबुर्गमध्ये त्या खोक्याची गाडी झाली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने मालाच्या जागी झोपायची-खायची सोय करायला सुरुवात केली, आणि १९५६ पासून गाडी हॅनोव्हरला बनू लागली. चालक खूश, इंजिन खूश, मध्ये झोपणारे तर फारच खूश. राहिला तो एकच प्रश्न: हात पुढे आणि गिअर बॉक्स मागे, तर या दोघांचा संवाद व्हायचा कसा?

उत्तर म्हणजे एक लांबलचक रॉड. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.४ मीटरचं अंतर आहे. त्यातलं बहुतेक अंतर हा रॉड गाडीच्या पोटाखालून कापतो. तोही अखंड नाही, दोन तुकड्यांचा. त्याच्याकडे कामं दोन. स्वतःभोवती किंचित फिरून गिअरांची कोणती जोडी हवी ते सांगायचं, आणि पुढेमागे सरकून त्या जोडीतला एक गिअर टाकायचा. पहिला-दुसरा डावीकडे, तिसरा-चौथा उजवीकडे. रिव्हर्ससाठी लिव्हर खाली दाबून, आणखी डावीकडे नेऊन, मागे ओढायचा. वाटेत जिथे रॉडला धरणारं बुश झिजलं, जिथे कपलिंग सैल झालं, तिथे हुकमातला थोडा भाग गळतो. हात म्हणतो ‘दुसरा’. गिअर बॉक्सपर्यंत पोचतं ते ‘काहीतरी डावीकडचं’.

खरं तर शास्त्र इथेच संपायला हवं. संपत नाही, कारण पंथ आहेत.

तेलपंथी म्हणतात, तेल बदला. क्लचपंथी म्हणतात, क्लच बदला. तिसरा पंथ वेदान्ती वळणाचा आहे: बाहेर दिसतं ते सगळं मिथ्या, दोष आतच आहे, तेव्हा इंजिन उतरवा, गिअर बॉक्स उतरवा आणि सगळं खोला. चौथा रॉडपंथ. त्याचे अनुयायी कमी, कारण त्याचा सिद्धान्त अपमानास्पद आहे. तुमच्या एवढ्या यातनांचं कारण प्लॅस्टिकचं एक फुटकळ बुश आहे, असं हा पंथ तोंडावर सांगतो. आता आपलं दुखणं किरकोळ निघालं तर कोणाला आवडेल? हजारो युरोंच्या ओव्हरहॉलला प्रतिष्ठा असते, चारचौघांत त्याबद्दल सांगता येतं. ‘बुश बदललं’ या वाक्यावर पुढची पाच मिनिटंसुद्धा निघत नाहीत. प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त असा, की कारण जितकं महाग तितकी त्यावरची श्रद्धा दृढ. आणि त्यात भर म्हणून, जे कारण पाहायला पाठीवर झोपून गाडीखाली सरकावं लागतं, ते सर्वांत शेवटी सुचतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही भाड्याने आणलेला.

पंथांचा निवाडा करायला प्रमाणं लागतात. नैयायिकांनी चार दिली आहेत, आपल्याला ती पुरतात.

प्रत्यक्ष प्रमाण फुकट आहे. गाडी सपाटीवर उभी करून इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर लगेच निष्कर्ष काढू नका. आतले दाते समोरासमोर आले तरी अडतं. गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाका. बंद इंजिनावर सगळे गिअर अलगद पडतात आणि इंजिन सुरू केल्यावर आडमुठेपणा सुरू होतो, तर क्लच पुरता सुटत नाहीये. क्लचपंथीयांना नमस्कार करा. बंद इंजिनावरही लिव्हर अडतो किंवा घरं सापडत नाहीत, तर क्लच निर्दोष आहे. त्याला सोडून द्या.

अनुमानाची परीक्षा रिव्हर्सवर करावी. पुढच्या चारही गिअरांना सिंक्रो, म्हणजे दाते गुंतण्याआधी वेग जुळवून देणारी रिंग, आहे, रिव्हर्सला नाही, म्हणून तो खोटं बोलू शकत नाही. इंजिन मंद चालू ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, मनातल्या मनात पाच मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढा वेळ देऊनही करकर आवाज आला, तर क्लच दाबलेला असतानाही आतलं चक्र फिरतंय असं समजावं. अशा वेळी आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची रिकामी हालचाल, पाहा. तो एक ते दोन सेंटिमीटर हवा, आणि क्लच वायरच्या मागच्या टोकाला असलेल्या विंग नटवर तो जमतो. हे दोन बोटांचं काम आहे. तरीही लोक आधी क्लच प्लेटच मागवतात.

अनुमानाचं एक ऐतिहासिक उदाहरणही नोंदवायला हवं. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण. त्याच धर्तीवर, साठ-सत्तरच्या दशकांत हणजुण्याच्या किनाऱ्यावर युरोपातून आलेली व्हॅन दिसली, तर तिचा दुसरा गिअर पडत होता असं खुशाल मानावं. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून, वाटेतल्या खिंडी चढून गोव्यापर्यंत येणं पहिल्या आणि तिसऱ्या गिअरवर होण्यासारखं नाही. पुढे १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. त्याच वर्षी जर्मनीत या गाडीचं उत्पादनही थांबलं. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, पण निबंधाला शोभा येते म्हणून इथे दिल्या आहेत.

उपमान हे घातक प्रमाण. ‘बीटलसारखीच तर आहे’ असं म्हणून बीटलचं बुश मागवणारे पुष्कळ. बीटलचा रॉड मधल्या बोगद्यातून जातो आणि एकाच तुकड्याचा असतो. हिचं घराणं तेच, हाडं वेगळी. शब्दप्रमाण म्हणजे इतरांचे सल्ले. ते मोफत मिळतात, आणि त्यांची योग्यताही तेवढीच.

सिद्धान्त प्रत्यक्षात उतरताना पाहायचा योग हॅनोव्हरमधल्या एका मराठी घरापुढे आला. गाडी १९७४ ची. तीस वर्षं ओलांडलेल्या वाहनांना तिकडे नंबरप्लेटवर एक ‘एच’ मिळू शकतो, तो मिरवणारी. नवरा कडवा तेलपंथी. बायकोला चर्चेचा कंटाळा आला होता. गाडी पक्क्या स्टँडवर होती, बायको टॉर्च घेऊन खाली सरकली आणि म्हणाली, “अरे, तेलाचं पुराण पुरे. तू वर बस, लिव्हर डावी-उजवीकडे हलव. सावकाश.” त्याने हलवला. खालून आवाज आला, “थांब. परत कर. पुढचा रॉड फिरतोय, पण मागचं टोक ढिम्म आहे.” गिअर बॉक्सच्या तोंडाशी जे कपलिंग असतं, त्याच्या आतले गादीसारखे तुकडे झिजून पार गेले होते. रॉड सैल दातासारखा आधी स्वतःच हलून घ्यायचा आणि मग उरलीसुरली हालचाल पुढे द्यायचा. पुढच्या टोकाच्या बुशाची तर जुन्या ग्रीसमध्ये कालवलेली तपकिरी भुकटी झाली होती. तिने ती चिमटीत धरून वर नवऱ्याला दाखवली. तेलपंथाचा तेवढा एक अनुयायी त्या क्षणी कमी झाला.

दुरुस्तीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कपलिंग सोडण्याआधी त्याच्यावर आणि रॉडवर खुणेची रेघ मारावी, म्हणजे परत बसवताना फिरकीचा अंदाज चुकत नाही. नवं बुश बसवताना ग्रीसची कंजुषी करू नये. मग वर येऊन लिव्हरच्या बुडाशी असलेली स्टॉप प्लेट पाहावी. दुसरा टाकताना चुकून रिव्हर्स पडू नये, ही तिची नेमणूक. ती झिजली असली किंवा मागच्या कुणी उलटी बसवली असली, तर नवं बुश घालूनही गोंधळ कायम राहतो. लिव्हरचं बूड धरणारे बोल्ट सैल करायचे, बूड केसभर पुढे किंवा मागे सरकवायचं, आवळायचं आणि चार गिअर अधिक रिव्हर्स अशा पाचही जागा तपासायच्या. तीन पडले म्हणून समाधान मानू नये.

तेलपंथीयांना अगदीच रिकाम्या हाताने पाठवणं अन्यायाचं होईल. थंडीत सकाळी पहिल्या काही मिनिटांत गिअर जड पडतो तो घट्ट झालेल्या तेलामुळेच. तेल तापलं की सुधारतो, आणि त्याला रोग म्हणू नये. तेल बदलायचंच असेल तर जीएल-४ दर्जाचं घ्यावं. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सिंक्रोच्या पितळी रिंगांना काम करायला थोडं घर्षण लागतं, आणि त्या तेलातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. साधारण साडेतीन लिटर तेल जातं, फिलर प्लगच्या भोकापर्यंत. दोन्ही प्लगना १७ मिलिमीटरची ॲलन की लागते. आधी वरचा फिलर प्लग सुटतो याची खात्री करावी आणि मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. तेल काढून टाकलं आणि भरायचं भोक मात्र उघडेना, या अवस्थेवर कोणत्याही पंथाकडे उतारा नाही.

एवढं सगळं करूनही फक्त दुसराच, फक्त चालत्या गाडीत, खालच्या गिअरात उतरवताना करकरत असेल, तर सिंक्रो झिजला आहे आणि वेदान्ती बरोबर होते. त्यांना तसं कळवावं. वाट पाहतच असतात.

आणि एक विनंती. कपलिंगच्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूला एक बारीक तार गुंडाळलेली असते. स्क्रू आवळून झाला की ती तार पुन्हा बांधा. ती बांधली नाही तर स्क्रू हळूहळू सुटतो, रॉड गिअर बॉक्सपासून वेगळा होतो, आणि मग दुसराच काय, एकही गिअर पडत नाही.