अंथरूण न पाहता

इंग्रजीतला ‘पाय’ अवघ्या तीन अक्षरांचा. मराठी माणसाची आणि त्याची पहिली गाठ बहुधा मेन्यूकार्डावर पडते. वर ‘पाया सूप’ आणि खाली ‘ॲपल पाय’ असेल, तर सफरचंदाला पाय कधी फुटले असं कुणाच्याही मनात येणारच. त्यात हसण्यासारखं काही नाही. हा पाय आला कुठून, हे इंग्रजांनाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

कोशकारांचा कयास असा, की खाण्याचा पाय हा मुळात पक्षी. आज ज्याला मॅगपाय म्हणतात, त्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याचं नाव पूर्वी नुसतंच ‘पाय’ होतं. लॅटिन ‘पिका’वरून फ्रेंचमार्गे आलेलं. ‘मॅग’ हे मार्गारेटचं लाडाचं रूप. बडबड्या बाईला इंग्रज मॅग म्हणत आणि पक्षीही तोंडाळ, म्हणून ते शेपूट पुढच्या बाजूला चिकटवून दिलं. (मार्गारेटना कुणी विचारलं नसावं.) आता पक्ष्याचा आणि पिठाच्या पारीत भाजलेल्या सारणाचा संबंध काय? तर हा पक्षी दिसेल ते गोळा करतो असा समज, आणि जुने इंग्रज स्वयंपाकीही पारीत मांस, मासे, मसाले, सुकामेवा असं हाताला लागेल ते कोंबत. पुरावा भक्कम नाही, पण मला हे पटतं. उरलंसुरलं पोटात घेणारं थालीपीठ खाऊन वाढलेल्या माणसाला पटायला जड जाऊ नये.

बिचाऱ्या पक्ष्यावरचा चोरीचा आळ मात्र टिकला नाही. मॅगपाय चकचकीत वस्तू पळवतो, ही युरोपातली जुनी समजूत. एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याच्यापुढे खाण्याशेजारी चकचकीत वस्तू मांडून पाहिल्या. पळवणं राहिलं बाजूला, पक्षी त्यांना बिचकून खाण्याजवळही यायला कचरले.

त्याचा रंगही भाषेत उतरला. काळ्यापांढऱ्याला किंवा दोनरंगीला इंग्रजीत ‘पाइड’ म्हणतात. उंदरांना भुलवणाऱ्या हॅमेलिनच्या बासरीवाल्याला हेच विशेषण आहे. ‘पाइड किंगफिशर’ला मात्र आपण कवड्या खंड्या म्हणतो. छपाईतला ‘पायका’ही याच घरातला. चर्चमध्ये कोणत्या दिवशी कोणती उपासना करायची ते सांगणाऱ्या पोथीला ‘पिका’ म्हणत, बहुधा पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांमुळे. त्यावरून टाइपाचं माप आलं असं मानतात: पायका म्हणजे १२ पॉइंट, आणि असे सहा पायका म्हणजे साधारण एक इंच. जुळवलेला मजकूर हातून सुटून शिशाचे खिळे जमिनीवर सांडले, की त्या ढिगाऱ्यालाही इंग्रज मुद्रक ‘पाय’च म्हणत. मग एकेक खिळा उचलायचा, डोळ्यांपाशी धरून उलटं अक्षर ओळखायचं आणि त्याच्या त्याच्या खणात टाकायचा. त्या वेळी तोंडून निघणारे शब्द कोशात नाहीत.

मॅगपाय महाराष्ट्रात दिसत नाही, पण त्याचा भाऊबंद ‘ट्रीपाय’ आपल्या आमराईत असतो. लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा, कावळ्याच्या कुळातला. मराठीत त्याचं नाव टकाचोर! म्हणजे इथेही आळ चोरीचाच, आणि तोही नाण्याच्या.

नाण्यावरून आठवलं. आपल्या ‘पै’चं इंग्रजांनी कागदोपत्री केलेलं स्पेलिंग थेट खाण्याच्या पायचंच आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पया, म्हणजे रुपयाच्या १९२. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि हा हिशेब संपला, तरी ‘पै न पै’ वसूल करणारी माणसं आहेतच. गंमत म्हणजे पै आणि आपण चालतो तो पाय, दोन्ही संस्कृत ‘पाद’चीच लेकरं. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पाव आणि पाऊण त्याच हिशेबातले. पैदेखील आधी आण्याचा चौथा भाग होती. तिचे चाराचे बारा झाले ते पुढे.

राहिला वर्तुळाचा पाय. ग्रीक लोक त्या अक्षराला ‘पी’ म्हणतात, इंग्रजांनी ‘पाय’ केलं आणि आपल्या गणिताच्या पुस्तकांनीही तेच उचललं. परीघ भागिले व्यास यासाठी हे चिन्ह १७०६ मध्ये विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञाने वापरलं; ते रूढ केलं ऑयलरने. याच जोन्सचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव विल्यम, कलकत्त्यात न्यायाधीश म्हणून आला. त्याने १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापली आणि १७८६च्या भाषणात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघालेल्या दिसतात. बापाने वर्तुळाला पाय दिला, मुलाने भाषांचे पाय एकाच घराकडे वळवले. संस्कृत पाद, लॅटिन पेस, ग्रीक पूस, इंग्रजी फूट: सगळे सख्खे.

त्या मूळ भाषेचा एकही लेख सापडलेला नाही. अभ्यासकांनी ती मागे मोजत मोजत उभी केली. मराठीत तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. इंग्रजीत ‘प्रोटो-इंडो-युरोपियन’ हे नाव सारखं लिहायचा कंटाळा, म्हणून आद्याक्षरांवर भागवतात: पी, आय, ई.