आवाज येतोय

साताऱ्यात मोटारसायकली पुष्कळ आणि त्या चालवणारेही पुष्कळ. गाडी ऐकणारा मात्र गल्लीत एखादाच असतो. आमच्या गल्लीत तो मान आप्पांचा. पंचायत समितीतून निवृत्त झालेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि मान कायम जराशी डावीकडे कललेली. नव्या माणसाला वाटतं, मानेचं काही दुखणं असावं. तसं काही नाही. आप्पा डावा कान इंजिनाकडे नेत असतात. समोर गाडी नसली तरी.

गाडी म्हणजे हिरो होंडा स्प्लेंडर, १९९८ची, काळी. पंधरा वर्षं भरल्यावर आप्पांनी आरटीओत जाऊन तिचं रीतसर पासिंग करून घेतलं, पाच वर्षांनी पुन्हा, त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा. स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी मात्र त्या काळात एकदाच झाली, तीही बायकोनं रिक्षात घालून नेलं म्हणून. याच कंपनीची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, तेव्हा जाहिरात होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आप्पा निष्ठेनं पाळतात. तिसरीचा त्यांना अजून राग आहे. ‘विसरून जा म्हणजे? धर्मशाळेत सोडायचीय का तिला?’

सकाळी सात वाजता चोक ओढून, दोन किका रिकाम्या मारून तिसरीला गाडी सुरू होते आणि आप्पा शेजारी उकिडवे बसतात. हा कार्यक्रम दहा मिनिटांचा असतो. समोरच्या बाल्कनीत चहा घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही; पण आप्पांच्या लेखी ते बातमीपत्रच. बारीक टिकटिक आली की टॅपेट, कडकड आली की टायमिंग चेन, घरघर आली की बेअरिंग. शंका आली तर घरातून लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर येतो. त्याचं टोक इंजिनाच्या कव्हरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. आतला आवाज दांड्यातून थेट डोक्यात येतो. युक्ती खरीच आहे, जुने मिस्त्री तसंच करतात. फक्त मिस्त्री डोळे मिटून एवढा वेळ बसत नाहीत. एकदा दूधवाल्यानं आप्पांना हलवून पाहिलं होतं.

दुसऱ्याच्या गाड्याही ते ऐकतात, फुकट. पाठमोरे बसलेले असले तरी गल्लीच्या तोंडाशी वळलेली गाडी कुठली हे सांगतात. आरएक्स १०० तर कुणालाही ओळखू येते, त्यात काय विशेष; पण ‘हिचा सायलेन्सर मूळचा नाही’ हे फक्त आप्पाच सांगणार. बुलेट जाताना ते आदरानं गप्प राहतात. फटाके फोडणारा सायलेन्सर लावलेली बुलेट गेली, तर मात्र घरात कुणी वारल्यासारखा चेहरा करतात.

आप्पा वाया गेले ते एकदा बरोबर ठरल्यामुळे, असं माझं मत आहे. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलेल्या एका अनोळखी पोराला त्यांनी सांगितलं, ‘मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय तुझं, लांब जाऊ नकोस.’ पोरगा हसला आणि वाईला निघून गेला. चार दिवसांनी तोच पोरगा पत्ता शोधत, पेढे घेऊन दारात. बेअरिंग खरंच गेलं होतं. त्या पेढ्यांनी घात केला. तोवर आप्पांना शंका यायची, त्यानंतर खात्री वाटू लागली.

गॅरेजवाल्याच्या नशिबी ही खात्री आठवड्याला येते. ‘आप्पा, सोडून जावा गाडी, सांजच्याला या,’ असं तो सुरुवातीला म्हणायचा. आता नाही म्हणत. आप्पा स्टूल ओढून बसतात आणि त्याच्या पान्याकडे बघत राहतात. ऑइल बदलताना तर डोळ्यांची पापणी हलत नाही. डबा लिटरचा, इंजिनात जातं ९०० मिली. राहिलेलं १०० मिली कुठं जातं, हा प्रश्न साऱ्या देशाला पडायला हवा होता, पडला एकट्या आप्पांना. ते उरलेलं ऑइल झाकण लावून घरी येतं. त्यावर चेन, बिजागऱ्या, गच्चीचा कडीकोयंडा आणि शेजारच्यांची शिलाई मशीनसुद्धा चालते.

मग निघतो आवाजाचा विषय. ‘येतोय,’ आप्पा म्हणतात. ‘काय बी नाय ओ, आप्पा.’ ‘तिसऱ्या गिअरला, चाळीसच्या पुढं. ऐक की.’ गॅरेजवाला गाडी घेऊन राजवाड्यापर्यंत चक्कर मारतो, येताना चहा पिऊन येतो आणि गंभीर चेहऱ्यानं सांगतो, ‘येतोय, आप्पा.’ आप्पांचा जीव भांड्यात पडतो. आवाज जाण्यापेक्षा तो आहे हे दुसऱ्यानं कबूल करण्यात त्यांना जास्त सुख आहे. एका आवाजानं मात्र दोघांचाही अंत पाहिला. चेन-स्प्रॉकेट बदलून झालं, मडगार्डचे बोल्ट आवळून झाले, साडीगार्ड काढून ठेवलं, तरी खड्डा आला की खळ्ळ. अखेर काकूंनी विचारलं, ‘डब्यातला चमचा काढला का हो?’ साइड डिकीतल्या डब्यात चमचा होता, आप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून. या प्रकरणावर आप्पा बोलत नाहीत.

खरं तर हा कान त्यांना पावसानं दिला. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी मेढ्याला अप-डाऊन केलं. जावळीतला जुलै ज्यांनी दुचाकीवर काढलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. समोर दोन हातांवर दिसत नाही, चष्मा लावला तर धुकं आणि काढला तर पाणी, मग माणूस दुसऱ्या कशावर विसंबणार? मोरीवरून पाणी चाललेलं असलं की आप्पा पहिला गिअर टाकत, अर्धा क्लच धरून ॲक्सिलरेटर खाली येऊ देत नसत आणि सायलेन्सरची गुरगुर पाण्यातून ऐकत पलीकडे जात. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत चालायचं, म्हणजे ड्रमच्या आतलं पाणी सुकतं. नाहीतर पुढच्या उतारावर ब्रेक आहेत ही केवळ श्रद्धा उरते. गाडी फटक-फटक करू लागली की प्लगच्या टोपणात पाणी. मग एखाद्या चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली प्लग काढून स्टोव्हवर गरम करायचा आणि टपरीवाल्यानं त्याचे वेगळे पैसे मागू नयेत म्हणून दोन चहा घ्यायचे. हे सगळं सांगताना आप्पांचा आवाज चढतो. कुठल्या बीडीओच्या काळात कुठली योजना आली हे त्यांना आठवत नाही. कुठल्या पावसाळ्यात कुठल्या वळणावर क्लच वायर तुटली हे वारासकट आठवतं. अजूनही पावसाळ्यात त्यांच्या सीटवर साडीच्या दुकानाची पिशवी ताणून बसवलेली असते. रेक्झिन फाटलेलं नाही. पण स्पंज एकदा प्यायला की दिवाळीपर्यंत विजार ओली करतो, हे कळायला स्वतःची विजार भिजावी लागते.

गेल्या पाडव्याला मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर आणली. किक नाही, चोक नाही, ऑइल नाही. आप्पांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं, तेव्हा त्यांना बोलायला विषयच मिळेना. मुलगा म्हणाला, ‘आप्पा, आवाजच नाही हिला.’ आप्पा बोगद्यापर्यंत चक्कर मारून आले. स्टँड लावला. मान डावीकडे गेली.

‘मागून येतोय. बारीक. कुईऽ.’

‘मोटर आहे ती, आप्पा.’

‘मोटर असू दे. जाताना नव्हता.’

पहिल्या सर्व्हिसिंगला आप्पा बरोबर गेले. तिथं गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत. काचेच्या अलीकडे सोफा, एसी आणि मशीनची कॉफी. काचेच्या पलीकडे गाडी. स्टुलाची मागणी नाकारली गेली. आप्पा काचेला कान लावून उभे राहिले, मग चष्मा पुसून नुसतेच बघत राहिले. टाय घातलेला पोरगा टॅबलेट घेऊन आला आणि नम्रपणे म्हणाला, ‘काही कम्प्लेंट आहे का, सर?’ आप्पांनी दहा मिनिटं सांगितलं. कुठल्या स्पीडला, चढाला की उताराला, मागं माणूस असताना की नसताना. पोरानं सगळं मान डोलवत ऐकलं आणि एकच शब्द टाइप केला: नॉइज.

आप्पांनी वाकून वाचलं. म्हणाले, ‘कुठला ते लिहा.’